स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये ट्रान्झॅक्शन आणि एरर हाताळण्याचा योग्य क्रम: डिझेल पंपाच्या उदाहरणासह

मच्छीमार सहकारी संस्थेच्या डिझेल पंपावर एका नौकेची टाकी भरली की डेटाबेसमध्ये चार नोंदी व्हाव्या लागतात. नौकेच्या मंजूर कोट्यातून लिटर वजा होतात, पंपाच्या टाकीचा साठा कमी होतो, सभासदाच्या खात्यावर रक्कम नावे पडते आणि पावती तयार होते. यांपैकी दोनच नोंदी होऊन स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवलेला आज्ञांचा संच) मध्येच थांबली, तर पंपावर उभ्या असलेल्या तांडेलाला किंवा पावती फाडणाऱ्या कारकुनाला काहीच जाणवत नाही. महिनाअखेरीस टाकीत मोजपट्टी घालून साठा पाहिला आणि तो नोंदींशी जुळला नाही की मग शोधाशोध सुरू होते, आणि तोवर कराच्या परताव्याचे कागदही चुकीच्या आकड्यांवर तयार झालेले असतात.

अशा प्रोसिजर उघडून पाहिल्या तर बिगिन ट्रान्झॅक्शन (सगळ्या होतील किंवा एकही नाही अशा नोंदींचा गट उघडणे), कमिट (तो पक्का करणे) आणि रोलबॅक (तो मागे घेणे) या तिन्ही आज्ञा बहुधा त्यांत असतातच. चूक असते ती क्रमात, आणि उघडलेले ट्रान्झॅक्शन कोणी मिटवायचे हे न ठरवण्यात. खालील टप्पे मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरसाठी आहेत; मायएसक्यूएल, पोस्टग्रेएसक्यूएल आणि ओरॅकल जिथे वेगळे वागतात ते शेवटी दिले आहे. आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना त्या अर्थातच रोमन लिपीत लिहाव्यात.

टप्पा १: ट्रान्झॅक्शनची हद्द आधी कागदावर आखावी

कोड लिहिण्यापूर्वी दोन याद्या कराव्यात. पहिल्या यादीत ज्या नोंदी सगळ्या व्हाव्यात किंवा एकही होऊ नये अशाच नोंदी असाव्यात. आपल्या उदाहरणात त्या वरच्या चार आहेत. दुसऱ्या यादीत त्याच वेळी घडणारी, पण मागे घेता न येणारी कामे लिहावीत: नौकामालकाला जाणारा एसएमएस, पावतीची छपाई, दुसऱ्या सर्व्हरला पाठवलेली माहिती. दुसऱ्या यादीतले काहीही ट्रान्झॅक्शनच्या आत नसावे. रोलबॅकने टेबलातील ओळ परत येते, परंतु मालकाच्या फोनवर पोहोचलेला संदेश परत येत नाही.

एसएमएस पाठवणे आवश्यकच असेल तर ‘पाठवायचे संदेश’ असे एक टेबल ठेवून त्यात ट्रान्झॅक्शनच्या आतच एक ओळ घालावी, आणि प्रत्यक्ष पाठवण्याचे काम वेगळ्या जॉबने नंतर करावे. ट्रान्झॅक्शन मागे गेले तर ती ओळही जाते आणि खोटा संदेश कोणालाही जात नाही.

याच वेळी चारही टेबलांना हात लावण्याचा क्रम ठरवून तो प्रत्येक प्रोसिजरमध्ये तसाच पाळावा. आपण कोटा, साठा, खाते, पावती हा क्रम धरू. पावती रद्द करणाऱ्या प्रोसिजरमध्ये उलट क्रम सोयीचा वाटतो, पण तो टाळावा. कारण टप्पा ६ मध्ये येईल.

टप्पा २: पहिली ओळ विसरू नये

प्रोसिजरची पहिली ओळ ‘सेट नोकाउंट, एक्झॅक्ट_अ‍ॅबॉर्ट ऑन’ ही असावी. नोकाउंटमुळे ‘इतक्या ओळी बदलल्या’ हे अनावश्यक संदेश थांबतात. एक्झॅक्ट_अ‍ॅबॉर्टमुळे (XACT_ABORT) एरर आली की संपूर्ण ट्रान्झॅक्शन मागे जाते. खरे महत्त्व एक्झॅक्ट_अ‍ॅबॉर्टला आहे, आणि नेमकी तीच अनेक प्रोसिजरमध्ये नसते, कारण सेशनमध्ये (सर्व्हरशी असलेल्या एका जोडणीत) ती मुळात बंद असते.

ती बंद असताना आणि ट्राय-कॅचही (ट्राय भागात एरर आली की काम कॅच भागाकडे नेणारी रचना) नसताना एखाद्या इन्सर्टने कन्स्ट्रेंट (टेबलावर घातलेली अट) मोडली, तर फक्त ती एक आज्ञा रद्द होते आणि प्रोसिजर पुढच्या ओळीवर जाऊन शांतपणे कमिट करते. खात्यावर रक्कम नावे पडली नाही, पण पावती मात्र तयार झाली, हा प्रकार बहुतेकदा येथूनच सुरू होतो.

दुसरे कारण टाइमआउटचे आहे. डॉट-नेट अ‍ॅप्लिकेशनमधील आज्ञेचा टाइमआउट सांगितला नसेल तर ३० सेकंदांचा असतो. ती वेळ संपली की अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरला काम थांबवण्यास सांगते, परंतु ही सर्व्हरच्या दृष्टीने एरर नसते, त्यामुळे कॅच ब्लॉक चालतच नाही. एक्झॅक्ट_अ‍ॅबॉर्ट बंद असेल तर ट्रान्झॅक्शन आपल्या लॉकसह (इतरांना थांबवून धरलेल्या ओळींसह) उघडे राहते, आणि कनेक्शन पूलमध्ये (पुन्हा वापरासाठी ठेवलेल्या जोडण्यांत) परत गेले असले तरी ते पुन्हा वापरले जाईपर्यंत तसेच राहते. परिणामी पुढच्या प्रत्येक नौकेची पावती ‘थांबा’ दाखवत राहते, कोणीतरी सर्व्हर पुन्हा चालू करतो आणि दोष नेटवर्कच्या माथी जातो.

इशारा: ‘आमच्याकडे ट्राय-कॅच आहे, मग एक्झॅक्ट_अ‍ॅबॉर्ट कशाला’ हा समज चुकीचा आहे. टाइमआउट कॅचमध्ये येत नाही. त्याच प्रोसिजरमधील अस्तित्वात नसलेल्या टेबलाची एररही त्याच प्रोसिजरच्या कॅचमध्ये येत नाही. ही ओळ असेल तर दोन्ही प्रसंगी ट्रान्झॅक्शन निदान मागे तरी जाते.

टप्पा ३: सांगाडा असा असावा

सेट नोकाउंट, एक्झॅक्ट_अ‍ॅबॉर्ट ऑन;
बिगिन ट्राय
— पूर्वतपासणी: नौका, सभासद, लिटर
बिगिन ट्रान्झॅक्शन;
— अपडेट: नौकेचा कोटा, लगेच @@रोकाउंट
— अपडेट: टाकीचा साठा, लगेच @@रोकाउंट
— इन्सर्ट: सभासदाचे खाते
— इन्सर्ट: पावती
कमिट ट्रान्झॅक्शन;
एंड ट्राय
बिगिन कॅच
इफ @@ट्रॅनकाउंट > ० रोलबॅक ट्रान्झॅक्शन;
— एरर लॉगमध्ये इन्सर्ट
थ्रो;
एंड कॅच

येथे @@रोकाउंट म्हणजे आधीच्या आज्ञेने बदललेल्या ओळींची संख्या, @@ट्रॅनकाउंट म्हणजे उघड्या ट्रान्झॅक्शनची संख्या, आणि थ्रो म्हणजे एरर उठवून बोलावणाऱ्याकडे पाठवणे. नौका नोंदणीकृत आहे का, सभासद चालू आहे का, लिटरचा आकडा शून्यापेक्षा जास्त आहे का, या तपासण्या बिगिन ट्रान्झॅक्शनच्या आधी उरकाव्यात, म्हणजे लॉक कमी वेळ राहतात. मात्र कोट्याची शिल्लक केवळ आधी वाचून निश्चिंत राहू नये. समजा एका नौकेचे ३५० लिटर शिल्लक आहेत. मालकाने एका खिडकीवर ३०० लिटर मागितले आणि त्याच क्षणी तांडेलाने दुसऱ्या खिडकीवर २००. दोन्ही सेशन्सनी आधी वाचून पाहिले तर दोघांनाही ३५० दिसतील, दोघेही तपासणीत पास होतील आणि कोटा उणे १५० वर जाईल.

म्हणून खरी तपासणी अपडेटच्या व्हेअर अटीतच असावी: शिल्लक मागणीइतकी किंवा अधिक असेल तरच वजाबाकी व्हावी. अट पूर्ण झाली नाही तर अपडेट शून्य ओळी बदलते, आणि शून्य ओळी बदलणे ही एरर नाही. त्यामुळे लगेचच्या ओळीत @@रोकाउंट एका चलात घ्यावा व तो १ नसेल तर ‘थ्रो ५०००१’ने आपली एरर उठवावी. मध्ये दुसरी कोणतीही आज्ञा आली की @@रोकाउंट बदलतो. जुन्या कोडमधील @@एररचेही असेच होते. स्वतःच्या एररचा क्रमांक थ्रोला ५०,००० किंवा त्याहून मोठा लागतो.

यावर कुंपण म्हणून टेबलावरच ‘शिल्लक शून्यापेक्षा कमी नाही’ अशी चेक कन्स्ट्रेंट ठेवावी. उद्या कोणी दुसरी प्रोसिजर लिहिताना अट विसरला तरी सर्व्हर एरर ५४७ देऊन त्याला अडवतो.

पडताळणी: ‘कोटा अपुरा आहे’ असा मराठी संदेश थ्रोमध्ये लिहिताना अवतरणचिन्हापूर्वी एन हे अक्षर लावले आहे ना, आणि लॉग टेबलातील संदेशाचा रकाना एन-व्हारचार (देवनागरीसह युनिकोड अक्षरे साठवणारा) आहे ना, हे पाहावे. नसेल तर कारकुनाला पडद्यावर प्रश्नचिन्हांची रांग दिसते.

टप्पा ४: कॅचमधील क्रम: आधी रोलबॅक, मग लॉग, मग थ्रो

सर्वाधिक चुका कॅचमधील या तीन ओळींत होतात, म्हणून येथे थोडे थांबणे योग्य ठरेल.

एरर लॉगमधील नोंद रोलबॅकच्या आधी केली तर रोलबॅकबरोबर तीही पुसली जाते. शिवाय एक्झॅक्ट_अ‍ॅबॉर्ट चालू असताना कॅचमध्ये पोहोचलेले ट्रान्झॅक्शन सहसा निकामी झालेले असते: एक्झॅक्ट_स्टेट() उणे १ देते, आणि त्या स्थितीत काहीही लिहू पाहिले की एरर ३९३० येते व मूळ कारण तिच्याखाली दडून जाते. रोलबॅकनंतरही एरर_नंबर(), एरर_मेसेज(), एरर_लाइन() आणि एरर_प्रोसिजर() ही फंक्शन्स कॅच संपेपर्यंत मूळ माहिती देत राहतात, त्यामुळे घाई करण्याचे कारण नाही. चालू असलेल्या ओळींचा तपशील लॉगमध्ये हवा असेल तर तो टेबल व्हेरिएबलमध्ये साठवावा. टेबल व्हेरिएबलवर रोलबॅकचा परिणाम होत नाही, तात्पुरत्या टेबलावर मात्र होतो.

शेवटची थ्रो कधीही गाळू नये. तिच्याऐवजी ‘सिलेक्ट एरर_मेसेज()’ लिहिण्याची सवय फार पसरली आहे. तसे केल्यास अ‍ॅप्लिकेशनला प्रोसिजर यशस्वी झाली असेच दिसते, एररचा मजकूर एक साधी ओळ म्हणून पोहोचतो आणि नोंद न झालेल्या डिझेलची पावती छापली जाते. केवळ उणे १ परत करणेही पुरेसे नाही, कारण तो आकडा पाहण्याचे कष्ट बोलावणारा कोड क्वचितच घेतो.

इशारा: थ्रोच्या आधीची आज्ञा अर्धविरामाने संपलीच पाहिजे. ‘रोलबॅक ट्रान्झॅक्शन’नंतर अर्धविराम राहिला आणि पुढच्या ओळीत थ्रो आली, तर सर्व्हर थ्रो हे ट्रान्झॅक्शनचे किंवा सेव्हपॉइंटचे (ट्रान्झॅक्शनमध्ये जिथपर्यंत मागे जाता येते त्या खुणेचे) नाव समजतो. प्रोसिजर कोणतीही तक्रार न होता तयार होते. पहिली खरी एरर येते त्या दिवशी ‘थ्रो या नावाचे ट्रान्झॅक्शन सापडले नाही’ असा चक्रावून टाकणारा संदेश मिळतो.

थ्रो ही आज्ञा २०१२ च्या आवृत्तीपासून आहे. त्याआधीच्या सर्व्हरवर रेझएरर वापरावे लागते, पण नव्या कोडमध्ये ते टाळावे. एक्झॅक्ट_अ‍ॅबॉर्टचा रेझएररवर परिणाम होत नाही.

टप्पा ५: एक प्रोसिजर दुसरीला बोलावते तेव्हा

‘डिझेल वाटप’ ही प्रोसिजर ‘खात्यावर नावे टाका’ या प्रोसिजरला बोलावते आणि दोघींमध्ये बिगिन ट्रान्झॅक्शन आहे, असे धरू. आतल्या ट्रान्झॅक्शनला स्वतंत्र अस्तित्व असते हा समज सोडून द्यावा. प्रत्येक बिगिन @@ट्रॅनकाउंट एकने वाढवतो व प्रत्येक कमिट एकने कमी करतो; तो शून्यावर येईल तेव्हाच खरे कमिट होते. रोलबॅक मात्र तो थेट शून्यावर नेतो, म्हणजे आतल्या प्रोसिजरने रोलबॅक केले की बाहेरचीही सगळी कामे जातात. प्रोसिजरमध्ये शिरताना व बाहेर पडताना हा आकडा वेगळा आढळला तर एरर २६६ येते, आणि बाहेरचीने त्यानंतरही कमिट केले तर ३९०२.

नियम एकच ठेवावा: ज्याने उघडले त्यानेच मिटवावे. प्रोसिजरच्या सुरुवातीला @@ट्रॅनकाउंट शून्य असेल तर ‘माझे’ या चलात १ ठेवून ट्रान्झॅक्शन उघडावे. आधीच उघडे असेल तर ‘माझे’ शून्य ठेवून पुढे जावे. कमिट, रोलबॅक आणि लॉग हे तिन्ही ‘माझे’ १ असेल तरच करावेत. इतर वेळी आतल्या कॅचने फक्त थ्रो करावी. बाहेरची प्रोसिजर तिच्या कॅचमध्ये रोलबॅक करील आणि लॉगही तीच लिहील.

येथे सेव्हपॉइंटचा मोह होतो. लिलावाच्या शंभर चिठ्ठ्या एकत्र भरताना एक चिठ्ठी चुकली तर तेवढीच मागे घ्यावी, ही अपेक्षा रास्त आहे. परंतु उणे १ स्थितीतील ट्रान्झॅक्शन सेव्हपॉइंटपर्यंत मागे नेता येत नाही, आणि एक्झॅक्ट_अ‍ॅबॉर्ट चालू असताना जवळजवळ प्रत्येक एरर त्या स्थितीला नेते. अशा कामात चिठ्ठ्या आधी तात्पुरत्या टेबलात घेऊन तपासाव्यात आणि प्रत्येक चिठ्ठीला आपले छोटे ट्रान्झॅक्शन द्यावे.

टप्पा ६: डेडलॉक आणि पुन्हा प्रयत्न

महाराष्ट्रात यांत्रिक मासेमारीवर १ जून ते ३१ जुलै बंदी असते, आणि १ ऑगस्टच्या आगेमागे मिरकरवाडा किंवा हर्णैसारख्या बंदरात डिझेल भरण्यासाठी एकाच वेळी रांगा लागतात. वर्षभर न दिसलेले डेडलॉक याच दिवसांत दिसतात. एक सेशन कोटा धरून साठ्याची वाट पाहते, दुसरे साठा धरून कोट्याची. सर्व्हर दोघांपैकी एकाचा बळी देतो आणि त्याला एरर १२०५ मिळते. पावती रद्द करणाऱ्या प्रोसिजरचा उलटा क्रम येथे नडतो. टप्पा १ मधील क्रम सर्वत्र पाळला तर हे प्रकार पुष्कळ कमी होतात, पण पूर्णपणे संपत नाहीत, म्हणून पुन्हा प्रयत्न करण्याची सोय ठेवावीच लागते.

ती सोय ट्रान्झॅक्शनच्या बाहेर असावी: अ‍ॅप्लिकेशनमध्ये, किंवा सर्वांत बाहेरच्या प्रोसिजरच्या लूपमध्ये. संपूर्ण काम सुरुवातीपासून करावे, मध्ये थोडे थांबावे आणि तीन प्रयत्नांनंतर एरर वर पाठवावी. १२०५ साठीच हे योग्य आहे. ५४७ किंवा २६२७ (एकदाच असावे असे मूल्य पुन्हा आल्याची एरर) आली असेल तर कितीही वेळा प्रयत्न केला तरी तेच उत्तर मिळेल.

टाइमआउट किंवा तुटलेले कनेक्शन हे याहून अवघड प्रकरण आहे. पावसाळ्यात वीज जाणे आणि इंटरनेट तुटणे किनाऱ्यावर नवे नाही. कनेक्शन कमिटच्या आधी तुटले तर सर्व्हर ट्रान्झॅक्शन आपोआप मागे घेतो. पण कमिट झाल्यानंतर आणि उत्तर पंपावर पोहोचण्याआधी तुटले, तर नोंद झालेली असते व कारकुनाला मात्र एरर दिसते. तो पुन्हा बटण दाबतो आणि सभासदाच्या खात्यावर रक्कम दोनदा नावे पडते. ट्राय-कॅच कितीही काळजीपूर्वक लिहिला तरी हा दोष त्याने जात नाही.

उपाय असा आहे: पावतीचा फॉर्म उघडताच अ‍ॅप्लिकेशनने एक विनंती क्रमांक तयार करावा आणि त्या फॉर्मच्या प्रत्येक प्रयत्नात तोच पाठवावा. पावतीच्या टेबलात या रकान्यावर युनिक कन्स्ट्रेंट असावी. प्रोसिजरने सुरुवातीलाच तो क्रमांक शोधावा. सापडला तर नवीन काही न करता जुनी पावती परत द्यावी. दोन प्रयत्न अगदी एकाच वेळी आले तरी दुसऱ्याला २६२७ मिळेल, त्याचे चारही बदल मागे जातील आणि पुढच्या प्रयत्नात त्याला जुनीच पावती दिसेल.

पडताळणी: विनंती क्रमांक फॉर्म उघडताना तयार होतो की बटण दाबताना, हे अ‍ॅप्लिकेशन लिहिणाऱ्याला स्पष्ट विचारावे. बटण दाबताना तयार होत असेल तर प्रत्येक दाबाला नवा क्रमांक मिळतो आणि ही सगळी व्यवस्था निरुपयोगी ठरते.

टप्पा ७: पावती क्रमांकातील खंड

आयडेंटिटी रकान्याचा (सर्व्हर आपोआप वाढवतो तो) क्रमांक रोलबॅकने परत मिळत नाही. मागे गेलेल्या प्रत्येक ट्रान्झॅक्शनमागे एक क्रमांक वाया जातो, आणि लेखापरीक्षक नेमकी तीच पावती मागतो. सलग क्रमांक सक्तीचे असतील तर ‘पुढील पावती क्रमांक’ ठेवणारी एक ओळ वेगळ्या टेबलात ठेवून ती ट्रान्झॅक्शनच्या आतच वाढवावी. याची किंमत म्हणजे सर्व खिडक्या त्या एका ओळीपाशी एकामागून एक जातात. म्हणून ही पायरी कमिटच्या शक्य तितकी जवळ, पावतीच्या इन्सर्टच्या लगेच आधी घ्यावी. सलगपणाची सक्ती नसेल तर हा खटाटोप करू नये.

टप्पा ८: मुद्दाम मोडून पाहावे

चाचणीसाठी जून-जुलै हे महिने सोयीचे, कारण पंपावर वर्दळ नसते. चाचणी डेटाबेसच्या प्रतीवर करावी. प्रथम नसलेल्या नौकेचा क्रमांक द्यावा, मग कोट्यापेक्षा अधिक लिटर मागावेत. त्यानंतर पावतीच्या टेबलाचे नाव तात्पुरते बदलून प्रोसिजर चालवावी. पुढे कमिटच्या आधी ‘वेटफॉर डिले’ने एक मिनिटाचा थांबा घालून मधूनच काम रद्द करावे, आणि दुसऱ्यांदा तसेच करताना नेटवर्कची वायर काढावी. शेवटी दोन खिडक्यांतून एकाच नौकेसाठी एकाच वेळी मागणी करावी.

जिथे सेशन शाबूत राहते तिथे त्याच सेशनमध्ये @@ट्रॅनकाउंट शून्य आहे का, हे प्रत्येक प्रयोगानंतर पाहावे. ‘डीबीसीसी ओपनट्रॅन’ जुने उघडे ट्रान्झॅक्शन दाखवत नाही ना, आणि टाकीचा साठा व पावत्यांवरील लिटर यांची बेरीज प्रयोगापूर्वीइतकीच आहे ना, हेही तपासावे. यांपैकी एकही गोष्ट चुकली तर प्रोसिजर प्रत्यक्ष वापरात आणू नये.

इतर डेटाबेस वापरणाऱ्यांसाठी

मायएसक्यूएलमध्ये ट्राय-कॅच नाही. प्रोसिजरच्या सुरुवातीला ‘डिक्लेअर एक्झिट हँडलर फॉर एसक्यूएलएक्सेप्शन’ लिहून त्यात रोलबॅक आणि नंतर रिसिग्नल द्यावे. रिसिग्नल गाळली तर एरर तिथेच गिळली जाते. तिथे स्टार्ट ट्रान्झॅक्शन दुसऱ्यांदा दिले की आधीचे ट्रान्झॅक्शन न विचारता कमिट होते, आणि टेबल बदलणाऱ्या आज्ञा किंवा ट्रंकेट यांनीही तसेच होते. एरर क्रमांकांचाही घोटाळा होऊ देऊ नये: मायएसक्यूएलमध्ये डेडलॉकचा क्रमांक १२१३ आहे, तर १२०५ म्हणजे लॉकची वाट पाहण्याची मुदत संपली. या दुसऱ्या प्रसंगी इनोडीबी (मायएसक्यूएलचे नेहमीचे साठवण इंजिन) मूळ सेटिंगमध्ये फक्त शेवटची आज्ञा मागे घेते, संपूर्ण ट्रान्झॅक्शन नाही. त्यामुळे हँडलरमधील रोलबॅक तिथे अपरिहार्य आहे.

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये प्रोसिजरच्या आतून कमिट करण्याची सोय ११ व्या आवृत्तीपासून आली, परंतु एक्सेप्शन भाग असलेल्या ब्लॉकच्या आत कमिट चालत नाही. तो ब्लॉक स्वतःच सेव्हपॉइंटसारखा वागतो: एरर आली की त्या ब्लॉकमधील बदल मागे जातात आणि बाहेरचे टिकतात. म्हणून चारही नोंदी एकाच ब्लॉकमध्ये ठेवाव्यात आणि कमिट बोलावणाऱ्यावर सोडावे.

ओरॅकलमध्ये एरर लॉग लिहिणारी प्रोसिजर ‘प्रॅग्मा ऑटोनॉमस_ट्रान्झॅक्शन’ने वेगळी ठेवता येते, म्हणजे मुख्य काम मागे गेले तरी लॉग राहतो. ही सवलत लॉगपुरतीच वापरावी. सभासदाच्या खात्याची नोंद अशा स्वतंत्र ट्रान्झॅक्शनमध्ये टाकली, तर डिझेल न घेताही त्याच्या नावे रक्कम पडलेली राहते.